ताप झुडपांतला, घाव केशवाहिन्यांवर

चंद्रपूर शहराच्या उत्तरेला, औष्णिक विद्युत केंद्राच्या आश्रयाने वसलेल्या ऊर्जानगर वसाहतीचे नाव वर्तमानपत्रांत येते ते बहुधा दोनच कारणांनी. एक, वीजनिर्मिती. येथील पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला आणि आज २,९२० मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र राज्यातील प्रमुख वीज केंद्रांपैकी एक आहे. दुसरे कारण म्हणजे वाघ-बिबट्यांचा वावर. ताडोब्याचे जंगल फार दूर नाही. वसाहत, वीज केंद्राचा परिसर, शेजारचे दुर्गापूर आणि कोळसा खाणींभोवतीची माजलेली झुडपे यांमधून जंगलाची वाट थेट माणसाच्या अंगणापर्यंत येते. झुडपे तोडा, गवत काढा, दिवे लावा, ही मागणी म्हणूनच येथे वारंवार होते. बिबट्याला दडायला जागा राहू नये, एवढाच तिचा हेतू असतो.

परंतु त्याच झुडपांच्या मुळाशी, पावसाळा संपता संपता, आणखी एक शिकारी दबा धरून बसलेला असू शकतो. त्याची लांबी जेमतेम पाव मिलिमीटर. तो चावला तरी कळत नाही. त्याच्या चाव्यातून शरीरात शिरणारा जिवाणू मात्र माणसाच्या सर्वांत नाजूक अवयवावर, म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, घाव घालतो. या आजाराचे नाव स्क्रब टायफस. इंग्रजीतील ‘स्क्रब’ म्हणजे खुरटी झुडपे. नावातच रोगाचा पत्ता आहे.

२०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि विदर्भातील अन्य जिल्ह्यांत या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि काहींचा मृत्यू झाला, तेव्हा हे नाव प्रथमच घरोघरी पोहोचले. त्यानंतर जवळजवळ दर पावसाळ्यात ते पुन्हा कानावर येते. तरीही हा ताप शरीरात नेमके काय करतो आणि काही रुपयांच्या गोळ्यांनी बरा होणारा हा आजार जिवावर का बेततो, याविषयी पुरेशी स्पष्टता नाही. ती यायची असेल तर आधी रक्तवाहिन्यांकडे वळावे लागेल.

केसाहून बारीक वाहिनी

हृदयातून निघालेली रक्तवाहिनी फांद्या फुटत फुटत शेवटी इतकी बारीक होते की तिला केशवाहिनी म्हणतात. खरे तर केसही तिच्यापुढे जाडच ठरतो. केशवाहिनीचा व्यास एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी असतो. तांबड्या रक्तपेशींना तिच्यातून एकेकीने, प्रसंगी अंग दुमडून जावे लागते.

या वाहिनीची भिंत म्हणजे चपट्या पेशींचा एकच थर. कापडाला आतून अस्तर लावावे तसा हा थर असतो. म्हणून त्याला येथे अस्तर म्हणू. शेजारशेजारच्या अस्तरपेशी परस्परांना प्रथिनांच्या टाक्यांनी शिवलेल्या असतात. या टाक्यांमधून आणि पेशींमधून प्राणवायू, साखर आणि थोडे पाणी बाहेर जाते. प्रथिने आणि रक्तपेशी मात्र आत राहतात. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन पाण्याला वाहिनीत धरून ठेवते. म्हणजे हे अस्तर एकाच वेळी भिंतही आहे आणि गाळणीही.

याखेरीज अस्तराची दोन महत्त्वाची कामे आहेत. रक्त वाहिनीच्या आत गोठू न देणे हे एक. शरीरात कोठे जंतू शिरले तर पांढऱ्या पेशींना तेथे उतरण्यासाठी जागा करून देणे हे दुसरे. अस्तर निरोगी असेपर्यंत या साऱ्या व्यवहाराची आपल्याला जाणीवही नसते. ते बिघडले की मात्र एकाच वेळी फुप्फुस, मूत्रपिंड, यकृत आणि मेंदू तक्रार करू लागतात. कारण केशवाहिन्या सर्वत्र आहेत.

विषाचे दोन मार्ग

जिवाणूंमुळे हे अस्तर बिघडू शकते ही गोष्ट वैद्यकशास्त्राला नवीन नाही. बहुतेक वेळा त्यामागे जिवाणूचे विष असते. या विषांची दोन उदाहरणे पाहिली की स्क्रब टायफसचे वेगळेपण ध्यानात येईल.

पहिले विष जिवाणूच्या कवचातच असते. बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे रिचर्ड फायफर यांना १८९२ च्या सुमारास असे आढळले की पटकीचे जंतू मेल्यावरही त्यांच्या अवशेषांत विषारीपणा शिल्लक राहतो आणि उष्णतेनेही तो जात नाही. या विषाला ‘एंडोटॉक्सिन’, अर्थात अंतर्विष, असे नाव मिळाले. अनेक जिवाणूंच्या बाह्य कवचातील मेद आणि शर्करा यांचा तो संयुक्त रेणू आहे. गंमत अशी की हे विष स्वतः फारसे काही मोडत नाही. शरीराच्या संरक्षक पेशींवर त्याला ओळखणारा एक ग्राहक असतो. १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या संशोधनातून तो उलगडला आणि २०११ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा होता. या ग्राहकाने धोक्याची घंटा वाजवली की संरक्षक पेशी दाहकारक रसायने ओततात. त्या भडिमारात अस्तराचे टाके उसवतात, वाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो आणि जागोजागी सूक्ष्म गुठळ्या होतात. म्हणजे विष हे निमित्त ठरते आणि विध्वंस शरीराच्या स्वतःच्याच सैन्याकडून होतो.

दुसरे विष मात्र थेट वार करते. जपानमधील कियोशी शिगा यांनी १८९७ च्या साथीत रक्ती आवेचा जिवाणू शोधून काढला. त्याचे आणि त्याच्या काही भाईबंदांचे विष आज ‘शिगा विष’ म्हणून ओळखले जाते. आतड्यातून रक्तात उतरलेले हे विष मूत्रपिंडातील केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींना नेमके ओळखून चिकटते, आत शिरते आणि पेशीतील प्रथिने बनविणारे यंत्रच बंद पाडते. अस्तरपेशी मरते, उघड्या पडलेल्या भिंतीवर गुठळी बसते, त्या अरुंद वाटेतून जाताना तांबड्या पेशी फाटतात आणि मूत्रपिंड निकामी होते. २०११ मध्ये जर्मनीत अशा विषाच्या जिवाणूने ५० हून अधिक बळी घेतले. तपासाअंती संशय ज्यावर स्थिरावला ते अन्न महाराष्ट्राला अगदी परिचयाचे होते: मेथीच्या दाण्यांना आणलेले मोड.

या दोन्ही प्रकारांत एक अडचण समान आहे. विष एकदा सुटले की प्रतिजैविक औषध त्याला परत बोलावू शकत नाही. शिगा विष निर्माण करणाऱ्या काही जिवाणूंच्या बाबतीत तर प्रतिजैविके देताना डॉक्टर कचरतात. कारण मरता मरता जिवाणू अधिक विष सोडतील अशी भीती असते.

विष नव्हे, वस्ती

स्क्रब टायफसचा जिवाणू या दोन्हींहून निराळा आहे. ‘ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी’ हे त्याचे लांबलचक नाव जपानी भाषेतून आले आहे. ‘त्सुत्सुगा’ म्हणजे पीडा आणि ‘मुशी’ म्हणजे किडा. त्याच्या कवचात एंडोटॉक्सिन नाही. शिगा विषासारखे विषही तो रक्तात सोडत नाही. मग तो इजा कशी करतो? तो अस्तरपेशीत घर करतो.

हा जिवाणू पेशीच्या बाहेर जगूच शकत नाही. अस्तरपेशीला चिकटल्यावर तो तिला आपल्याला गिळायला भाग पाडतो. गिळलेल्या जंतूला पेशी एका पिशवीत कोंडून पचवू पाहते. परंतु तो त्या पिशवीतून निसटतो. पेशीच्या आत मालाची ने-आण करण्यासाठी सूक्ष्म नळ्यांचे रूळ असतात. त्यांवरून तो पेशीच्या केंद्रकाजवळ पोहोचतो आणि तेथे सावकाश वाढतो. पुरेशी संख्या झाली की झाडाला कोंब फुटावेत तसे जिवाणू पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि तिच्याच आवरणाचा तुकडा अंगावर पांघरून बाहेर पडतात. शेजारची पेशी मग त्यांना आपलेच समजून फसते. अस्तराबरोबरच काही संरक्षक पांढऱ्या पेशींतही तो वस्ती करतो आणि त्यांच्यासोबत शरीरभर फिरतो.

पेशीत वस्ती झाल्याचे लक्षात येताच शरीर तेथे सैन्य पाठवते. बाधित वाहिनीभोवती पांढऱ्या पेशींचे कडे पडते. दाहामुळे टाके सैल होतात. पाणी आणि अल्ब्युमिन वाहिनीबाहेर झिरपू लागते. फुप्फुसात ही गळती झाली की श्वास लागतो. मेंदूच्या आवरणात झाली की डोके असह्य दुखते, बरळणे सुरू होते, झटके येतात. मूत्रपिंडाला पुरेसे रक्त मिळेनासे झाले की लघवी कमी होते. जखमी अस्तराची डागडुजी करण्यात प्लेटलेट्स म्हणजे रक्तबिंबिका खर्ची पडतात आणि रक्ताच्या अहवालात त्यांचा आकडा घसरतो. तो पाहून घरातील मंडळींना पहिली आठवण होते ती डेंग्यूची.

सुरुवातीला विष नसले, तरी शेवट मात्र विषबाधेसारखाच होतो. फरक वेळेचा आहे आणि उपचाराच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. येथे इजा एकदम होत नाही. जिवाणू हळूहळू वाढतो आणि बहुतेक रुग्णांत गंभीर गुंतागुंत तापाच्या पहिल्या आठवड्यानंतर डोके वर काढते. तोपर्यंत वस्ती उठवता आली तर भिंत वाचते.

काळी खपली

हा जिवाणू माणसापर्यंत येतो तो ‘चिगर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अळीमार्फत. गोचीड आणि कोळी यांच्या कुळातील एका सूक्ष्म जीवाची ही बाल्यावस्था. आयुष्यात केवळ याच अवस्थेत त्याला प्राण्याच्या अंगावरचे अन्न लागते, तेही एकदाच. पुढे तो मातीतच जगतो. अळीचे नेहमीचे यजमान म्हणजे उंदीर, घुशी आणि चिचुंद्र्या. माणूस तिच्या वाटेत आला तर तो अपघात. जिवाणू मादीकडून अंड्यांत आणि अंड्यांतून पुढच्या पिढीच्या अळ्यांत उतरतो. त्यामुळे एखाद्या बांधावरची किंवा झुडपाखालची लहानशी जागा वर्षानुवर्षे धोक्याची राहू शकते आणि दहा पावलांवरची दुसरी जागा पूर्ण निर्धोक असू शकते.

पावसाळ्यातला ओलावा, वाढलेले गवत आणि उंदरांची बिळे एवढे तिला पुरते. चंद्रपूर-गडचिरोलीत हे तिन्ही मुबलक आहे. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीड या पट्ट्यात रोवणीपासून धान कापणीपर्यंत माणसे बांधावरच्या गवतात वावरतात. जंगलालगतच्या गावांतून पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना इकडे वास्ते म्हणतात, आणण्यासाठी, सरपणासाठी आणि गुरे चारण्यासाठी रानात जाणे चुकत नाही. शहरी वसाहतीही यातून सुटत नाहीत. पडीक भूखंड, गवत माजलेले मैदान, भिंतीलगतची झुडपे आणि कचऱ्यावर पोसलेले उंदीर असले की अळीला जंगलाची गरज उरत नाही.

अळी कपड्यांतून चढत जाऊन त्वचा मऊ असेल तेथे थांबते. काख, जांघ, कंबर, स्तनांखालचा भाग, कानामागची जागा. ती रक्त शोषत नाही. लाळेने त्वचेच्या पेशी विरघळवून तो रस ती घेते आणि पोट भरले की गळून पडते. साधारण सहा ते एकवीस दिवसांनी ताप येतो. चाव्याच्या जागी अनेकदा एक काळी खपली धरते. भोवती लालसर कडे आणि मध्ये सिगारेटचा चटका बसावा तसा काळा ठिपका. ती दुखत नाही, खाजत नाही आणि हाच तिचा घात. रुग्णाला तिचा पत्ता नसतो, असला तरी तापाशी तिचा संबंध त्याला ठाऊक नसतो.

ही खपली म्हणजे केशवाहिन्यांवरील हल्ल्याचा पहिला पुरावा. त्या जागच्या सूक्ष्म वाहिन्यांना दाह होऊन रक्तपुरवठा खुंटतो आणि त्वचेचा तेवढा तुकडा मरतो. शरीराच्या आत जे घडणार आहे त्याची ती बाहेर उमटलेली खूण आहे. प्रत्येक रुग्णात ती सापडतेच असे नाही. परंतु जेथे ती असते तेथे निदान जवळजवळ हातात आल्यासारखे असते. अडचण अशी की ती असते झाकलेल्या जागी. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात कपडे बाजूला करून तपासायला ना वेळ असतो ना आडोसा. संकोचामुळे, विशेषतः स्त्रिया, ती दाखवत नाहीत. म्हणूनच पावसाळ्यातील अनाकलनीय तापात घरातील माणसानेच काख, जांघ, कंबर नीट पाहिली आणि दिसलेली खपली डॉक्टरांना सांगितली, तर ते साधे काम एखाद्या महागड्या तपासणीच्या तोडीचे ठरू शकते.

मलेरिया नाही, डेंग्यू नाही, मग काय?

गडचिरोली हा राज्यातील सर्वाधिक मलेरियाग्रस्त जिल्हा. चंद्रपुरातही मलेरिया आणि डेंग्यू परिचयाचे. त्यामुळे थंडीताप, डोकेदुखी, अंगदुखी यांसह रुग्ण आला की प्रथम या दोहोंचा विचार होणे स्वाभाविक आहे आणि योग्यही आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. मलेरियाची तपासणी नकारात्मक आली, डेंग्यूचीही आली, तरीही ‘व्हायरल असेल’ असे म्हणून आणखी चार दिवस काढले जातात. स्क्रब टायफसमध्ये तेच चार दिवस निर्णायक असतात.

प्रयोगशाळेची मदत मिळते, परंतु तिला मर्यादा आहेत. वाइल-फेलिक्स ही १९१६ पासून ज्ञात असलेली जुनी चाचणी अनेक ठिकाणी स्वस्तात होते. पण ती अनेक रुग्णांना हुकवते. ‘आयजीएम एलायझा’ चाचणी अधिक भरवशाची आहे. मात्र ती शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे मोजते आणि ती पुरेशी तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे उपचाराची सर्वांत गरज असते नेमके तेव्हा अहवाल नकारात्मक येऊ शकतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच स्पष्ट म्हटले आहे की संशय बळकट असेल तर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत.

हा संशय घेण्याची सवय लागणे हेच खरे आव्हान. उत्तर प्रदेशातील गोरखपूर भागात लहान मुलांना होणारा मेंदूचा ताप अनेक वर्षे एक कोडे बनून राहिला होता. जपानी मेंदूज्वरावरील लस देऊनही मुले दगावत होती. २०१५ नंतरच्या अभ्यासांत त्यांतील बहुसंख्य रुग्णांत स्क्रब टायफसचा पुरावा सापडला आणि तापाच्या सुरुवातीलाच योग्य औषध देण्यावर भर आला. विदर्भातही या कुळातील आजारांकडे लक्ष वेधण्याचे काम झाले आहे. गोचिडीमार्फत पसरणारा ‘स्पॉटेड फीव्हर’ हा स्क्रब टायफसचा नातेवाईक. तोही केशवाहिन्यांच्या अस्तरावरच हल्ला करतो. लहान मुलांतील या तापाचे निदान साध्या लक्षणांवरून लवकर करता यावे, यासाठी अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक गुणपद्धती सुचवली. जेथे मोठी प्रयोगशाळा नाही तेथील डॉक्टरांना डोळे आणि हात यांचाच आधार असतो, हे ओळखून केलेले ते काम होते.

स्वस्त औषध, महाग उशीर

दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशच्या आघाडीवर हजारो सैनिक या तापाने आजारी पडले तेव्हा डॉक्टरांच्या हाती शुश्रूषेपलीकडे काही नव्हते. १९४८ मध्ये जोसेफ स्मॅडेल यांच्या पथकाने मलायात क्वालालंपूर येथे क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध वापरून पाहिले आणि चित्र पालटले. आज पहिली पसंती डॉक्सिसायक्लिन या गोळ्यांना आहे. प्रौढांना त्या साधारण आठवडाभर दिल्या जातात. गर्भवतींसाठी अॅझिथ्रोमायसिन वापरले जाते. मुलांसाठी औषध आणि मात्रा वजनावरून डॉक्टर ठरवतात. वेळेत औषध सुरू झाले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. हा प्रतिसाद इतका ठळक असतो की तोच कित्येकदा निदानाला दुजोरा देतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तापात सर्रास दिली जाणारी पेनिसिलिनच्या गटातील किंवा ‘सेफ’ या अक्षरांनी सुरू होणारी प्रतिजैविके या जिवाणूवर चालत नाहीत. ती औषधे जिवाणूची भिंत बांधू देत नाहीत. परंतु ओरिएन्शियाची भिंत मुळातच नाममात्र आहे आणि तो लपलेला असतो आपल्या पेशीच्या आत, जेथे ही औषधे फारशी पोहोचत नाहीत. डॉक्सिसायक्लिन पेशीच्या आत शिरते आणि जिवाणूचे प्रथिने बनविण्याचे काम थांबवते. महागडी इंजेक्शने देऊनही ताप हटत नाही आणि साध्या गोळ्यांनी हटतो, यामागे चमत्कार नाही. जिवाणू कोठे राहतो, याचा तो परिणाम आहे.

दुसरी गोष्ट सलाईनची. ताप आला, अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घेण्याचा आग्रह खेड्यात आणि शहरातही धरला जातो. परंतु केशवाहिन्या गळक्या झालेल्या असताना गरजेपेक्षा अधिक सलाईन चढवले तर ते वाहिनीत राहत नाही, फुप्फुसात झिरपते. रक्तदाब फार घसरला असेल तर सलाईन जीव वाचवते, यात शंका नाही. मात्र किती द्यायचे हे रुग्णाचा श्वास, लघवी आणि रक्तदाब पाहून ठरवायचे असते. ‘दोन बाटल्या लावा’ हा मागणीनुसार करायचा उपचार नव्हे.

रुग्ण उशिरा आला तर काय, या प्रश्नाचे थोडे आशादायक उत्तर भारतातच मिळाले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने देशातील सात रुग्णालयांत गंभीर रुग्णांवर झालेली चाचणी २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अॅझिथ्रोमायसिन एकत्र दिलेल्या गटात मृत्यू, टिकून राहिलेली गुंतागुंत किंवा न उतरलेला ताप यांपैकी काही घडण्याचे प्रमाण ३३ टक्के होते. एकेकटे औषध दिलेल्या गटांत ते ४७ आणि ४८ टक्के होते. फायदा प्रामुख्याने गुंतागुंत लवकर आटोक्यात येण्यात दिसला. मृत्यूंच्या संख्येत मात्र ठळक फरक पडला नाही. म्हणजे दोन औषधे एकापेक्षा बरी, परंतु लवकर दिलेल्या एका औषधाची जागा उशिरा दिलेली दोन औषधे घेऊ शकतीलच असे नाही.

गवत, उंदीर आणि आपण

या आजारावर आजही लस नाही. जिवाणूचे अनेक उपप्रकार आहेत आणि एकापासून मिळालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यापुढे फारशी टिकत नाही. त्यामुळे एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असे म्हणता येत नाही. हा ताप माणसाकडून माणसाला मात्र होत नाही. रुग्णाला वेगळे ठेवण्याचे किंवा शेजाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही.

प्रतिबंध साधा आहे. शेतात किंवा रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, पँटचे टोक मोज्यात खोचलेले. गवतावर थेट बसणे किंवा झोपणे नको. खाली जाड सतरंजी हवी. धुतलेले कपडे झुडपांवर किंवा गवतावर वाळत घालू नयेत. घरी परतल्यावर ते कपडे लगेच बदलून गरम पाण्यात भिजवावेत आणि अंग साबणाने घासून आंघोळ करावी. कारण त्वचेवर फिरणारी किंवा नुकतीच चिकटलेली अळी घासल्याने निघून जाते. घराभोवतीचे गवत आखूड ठेवणे, धान्य आणि कचरा झाकून उंदरांना अटकाव करणे ही कामे मात्र एकट्याने व्हायची नाहीत. ती वसाहत, ग्रामपंचायत आणि महापालिका यांनी मिळून करायची आहेत.

ऊर्जानगरसारख्या ठिकाणी झुडपे काढण्याची मागणी होते तेव्हा डोळ्यांपुढे बिबट्या असतो. त्याच कामातून या अदृश्य शिकाऱ्याचाही आसरा मोडतो. बिबट्या दिसला की गाव जागे होते. चिगर कधीच दिसत नाही. दिसते ती फार तर एक काळी खपली, तीही कोणी शोधली तर. पावसाळा सरताना पाच दिवसांहून अधिक रेंगाळलेला ताप असेल, मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्यांतून काही निघाले नसेल आणि रुग्ण गवतात, शेतात किंवा रानात जाऊन आला असेल, तर डॉक्टरांना एक प्रश्न विचारायला संकोच वाटू नये: ‘हा स्क्रब टायफस तर नसेल?’ हा प्रश्न तापाच्या पाचव्या दिवशी विचारला गेला तर उत्तर बहुधा काही गोळ्यांत मिळते. तोच दहाव्या दिवशी विचारला, तर उत्तर शोधावे लागते ते अतिदक्षता विभागात.